बाटली काठोकाठ, रेडिएटर रिकामा

दिवस पहिला : कोल्हापूर ते साखळी

आत्याच्या नातवाची मुंज साखळीला होती. मे महिना, त्यात आईचं 'बसने येणार नाही, कंबर धरते', म्हणून गाडीच काढली. गाडी २०१२ची, पेट्रोलवरची, लहानशी. निघण्याआधी मी नेमाने बॉनेट उघडतो. ऑइलची काडी बघतो, कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, पांढरी बाटली बघतो. बाटली वरच्या रेघेला टेकलेली. गेले चार महिने ती तिथेच होती, एक थेंब कमी नाही. मला त्याचा थोडा अभिमानच होता, खोटं कशाला बोलू.

सकाळी सहाला निघालो. निपाणीच्या पुढे तवंदी घाटात तिसऱ्या गिअरवर मस्त चढली, तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून हलला नाही. संकेश्वरला चहा झाला. बेळगावात शिरलो आणि सिग्नलला अडकलो, तेव्हा बायको म्हणाली, "एसीतून गरम हवा येतेय." म्हटलं, गॅस कमी झाला असेल, गोव्यात भरून घेऊ. पुढचा सिग्नल आला तोवर काटा मधली रेघ सोडून वर निघाला होता. गर्दीतून सुटून जांबोटीच्या रस्त्याला लागलो, वारा लागला, काटा खाली आला आणि एसीही पुन्हा गार झाला. मी निवांत. त्या दोन गोष्टी एकदम घडल्या, एकदम थांबल्या, यात काही सांगणं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. डोक्यात एवढंच की एसीचा गॅस कमी आहे.

कणकुंबीला थांबलो. मलप्रभेचा उगम इथला, माउलीच्या देवळापाशी. आईने हात जोडले आणि कोकमाची पाकिटं घेतली. चोर्ला घाटात तीन राज्यांच्या हद्दी एकमेकींना खेटून आहेत, मोबाइलवर 'स्वागत आहे'चे निरोप येत राहतात. केरीकडे उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनवरच गाडी धरली. डाव्या-उजव्या वळणांतून अंजुण्याच्या धरणाचं पाणी मधूनच दिसतं. उतारावर इंजिनाला काम नाही, म्हणून काटाही शहाण्यासारखा.

साखळीच्या बाजारात मात्र पुढे कदंबची बस, समोरून मालाचा टेम्पो, आणि दोघांनाही घाई नाही. पाच मिनिटं, सात मिनिटं. काटा सरळ तांबड्यात. बॉनेटच्या फटीतून वाफ.

अशा वेळी काय करायचं हे मला ऐकून माहीत होतं आणि तेवढं मी बरोबर केलं. एसी बंद, काचा खाली आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा शेवटच्या आकड्यावर. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आतला छोटा रेडिएटरच, इंजिनाची थोडी उष्णता तो ओढून घेतो. मे महिन्यात, साखळीत, दुपारी दीड वाजता. आई मागून म्हणाली, "अरे, आम्हाला वाफवून मुंजीला वाढणार आहेस का?"

पन्नास फुटांवर एका भिंतीच्या सावलीत गाडी लावून बंद केली. लगेच चार माणसं जमली. "कितें जालें?" "तापली." एक जण कुठूनशी बादली घेऊन आला आणि थेट इंजिनावर ओतायला निघाला. भल्या मनाने, पण मी त्याचा हातच धरला. तापलेल्या लोखंडावर आणि अ‍ॅल्युमिनियमवर गार पाणी पडलं तर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो, मग हजारांचं काम लाखाच्या दिशेने जातं. रेडिएटरचं झाकणही तेव्हा उघडायचं नाही. आत पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभराच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो, सगळं एकदम उकळतं आणि तोंडावर येतं.

पाऊण तास थांबलो. मग जाड टॉवेल झाकणावर टाकून पाव फेरा दिला, फुस्स झालं, ते संपेपर्यंत हात तसाच दाबून धरला आणि मगच काढलं. आत बघितलं तर पाणी दिसेचना. दीड लिटर पाणी घातलं तेव्हा ते तोंडाशी आलं. बाटली मात्र अजून काठोकाठ. म्हटलं, उकळून उडालं असेल. आत्याचं घर तिथून दोन किलोमीटर. काचा उघड्या, हीटर चालू, तसेच पोचलो. आत्याने दारातच विचारलं, "घामाने एवढे भिजलात कसे? एसी नाही का गाडीत?"

दिवस दुसरा : साखळी, हरवळे

पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला. सायकलवर टोपली, वर निळं प्लास्टिक. गरम पोळी घ्यायची, म्हणजे आपली पोळी नव्हे, कोंडा लावलेला पोकळ पाव. ती आणि चण्याचं तोणाक. आई म्हणाली की कोल्हापुरात असं काही मिळालं असतं तर तिने सकाळचा स्वयंपाक सोडला असता.

नाश्ता करून जवळच्याच एका गॅरेजात गेलो. मेकॅनिक तरुण, हात भराभर चालणारा. माझं वाक्य अर्धं ऐकलं आणि म्हणाला, "थर्मोस्टॅटचा वॉल. काढूनच टाकू, कटकट नको." वीस मिनिटांत नळी सोडली, वॉल काढून माझ्या हातावर ठेवला, नळी परत बसवली, तीनशे रुपये घेतले. हा इलाज आपल्याकडे गावोगाव चालतो. गाडी तापते? वॉल काढा.

वॉलचं काम असं : इंजिन गार असताना तो रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या उष्णतेला येतं. पाणी ठरलेल्या अंशाला पोचलं की आतलं मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि वाट उघडते. तो बंदच अडकला तर गाडी नक्की तापते. पण मग वरची नळी चटका देणारी आणि खालची नळी गार, अशी खूण असते. त्या पोराने दोन्ही नळ्यांना हात लावला नव्हता. मीही लावला नव्हता, त्यामुळे त्याला फार बोलायचा मला अधिकार नाही.

वॉल काढल्यावर काटा इतका खाली राहिला की मला वाटलं, जिंकलो. आईला आणि बायकोला घेऊन हरवळ्याला गेलो. मे महिन्यात धबधबा म्हणजे खडकावरून ओघळणारी धार, पण रुद्रेश्वराचं देऊळ आणि शेजारच्या कोरीव गुहा तर कुठे जात नाहीत. आई देवळाच्या गार फरशीवर तासभर बसली. येताना पुन्हा बाजार, पुन्हा गर्दी, आणि काटा पुन्हा चढायला लागला. कालच्यापेक्षा सावकाश, पण चढलाच.

चढता चढता तो एकदम खाली पडला. मी म्हणालो, "बघ, उतरला." आतेभाऊ बाजूला बसला होता. त्याला मी दादा म्हणतो. तो म्हणाला, "गाडी बाजूला घे आधी." हे मला तेव्हा कळलं : पाण्याची पातळी तापमानाच्या सेन्सरच्या खाली गेली की तो पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत लोंबतो, आणि हवा त्याला पाण्याइतकी उष्णता देत नाही. काटा पडतो, इंजिन मात्र भाजत असतं. अशा वेळी हायसं वाटून पुढे निघालेल्या माणसाचा हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची सांधा बंद ठेवणारी पट्टी, उडतो. पुन्हा पाऊण तास, पुन्हा टॉवेल, पुन्हा लिटरभर पाणी.

संध्याकाळी दादा म्हणाला, "तो वॉल फेकला नाहीस ना? आण." स्वयंपाकघरात उद्याच्या मुंजीची तयारी, खोबऱ्याचे ढीग, आणि आम्ही दोघं गॅसचा एक बर्नर मागतोय. आत्याने पेजेचा टोप द्यायला साफ नकार दिला. "ऑइल लागलेलं ते माझ्या टोपात?" शेवटी कुत्र्याच्या भाताचं पातेलं मिळालं.

दादाने वॉलच्या झडपेची फट नखाने किंचित उघडली, तीत शिवणाचा दोरा अडकवला, आणि झडप मिटल्यावर त्या दोऱ्याला वॉल टांगून पाण्यात सोडला. पातेल्याच्या बुडाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर बुडाची आच त्यालाच लागते. वॉलवर ८२ असा आकडा कोरलेला. पाण्यात आधी बारीक बुडबुडे, मग बुडाशी कुजबूज, मग वाफ. आम्ही दोघं, आणि उद्या ज्याची मुंज तो बटूही, पातेल्यावर वाकलेले. पाणी खदखदायच्या आधीच दोरा सुटला आणि वॉल टप् करून बुडाला बसला. म्हणजे उघडला. चिमट्याने बाहेर काढून गार पाण्यात टाकला तर डोळ्यांदेखत मिटला. बटूने तो खेळ आणखी तीनदा करायला लावला.

वॉल निर्दोष. तीनशे रुपये दोषी.

दिवस तिसरा : मुंज

सकाळभर गाडीचा विषय नाही. मंगलाष्टकं, भिक्षावळ, बटूचं रडणं, फोटोवाल्याचं 'इथे बघा'. वाळवंटीच्या काठी विठ्ठलापूरच्या विठ्ठलाला नमस्कार करून आलो. जेवायला खतखतं, मुगागाठी, आणि मानकुराद आंबा कापलेला. मी हापूसवाला माणूस आहे, तरी त्या दिवशी तोंड बंद ठेवलं.

पंगतीत माझ्या उजव्या हाताला साठीचे एक गृहस्थ होते. पांढरा सदरा, नखांत काळं. दादाने ओळख करून दिली : होंड्याला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. होंडा हे सत्तरीतलं गाव, वाळपईच्या वाटेवर. आमची गाडी दुसऱ्याच कंपनीची, तेव्हा हा विनोद जेवताना जवळजवळ प्रत्येकाने एकदा केला.

काकांनी भात कालवता कालवता विचारलं, "गाडी तापता केन्ना? धांवताना काय उबी आसताना?"

तीन दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला. मी म्हटलं, घाटात नाही, हमरस्त्यावर नाही, गर्दीत उभी असताना. "आनी एसी?" तोही उभं राहिल्यावरच गरम हवा टाकतो. काका ताकाचा घोट घेऊन म्हणाले, "मग फॅन घुंवना."

पंखा फिरत नाहीये. इतकं सरळ होतं ते. गाडी पळते तेव्हा समोरून येणारा वारा रेडिएटर गार करतो, पंख्याची गरज फारशी नसते. उभी राहिली की सगळं त्या पंख्यावर. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढ्यातच असतो, त्यालाही तोच पंखा. म्हणून बेळगावच्या सिग्नलला एसी आणि काटा एकदम बिघडले, आणि जांबोटीच्या रस्त्याला एकदम सुधारले. याच्या उलट गाडी असते : गर्दीत ठीक, वेगात किंवा चढावर तापणारी. तिथे रेडिएटर आतून चोंदलाय का, पंप पाणी फिरवतोय का, हे बघायचं. काकांच्या मते निम्मं निदान या एका प्रश्नात होतं, पण लोक थेट पाना उचलतात.

जेवण झाल्यावर मांडवामागे गाडीपाशी गेलो. रेडिएटरमध्ये पाणी भरून घेतलं, इंजिन चालू केलं, एसी लावला. एसी लावला की पंखा फिरायलाच हवा. पंखा गप्प. काकांनी फ्यूज काढून उन्हाकडे धरला, ठीक होता. मला रिलेवर, म्हणजे पंख्याची वीज जोडणाऱ्या स्विचवर, बोट ठेवायला सांगितलं आणि एसी चालू-बंद केला. बोटाखाली टक, टक. म्हणजे हुकूम पोचतोय, तामील होत नाहीये. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून पंख्याच्या मोटरच्या पाठीवर मुठीने दोन टोले दिले. पंखा घुर्र करून फिरायला लागला.

"कार्बन सोंपले," काका म्हणाले.

मोटरच्या आत कार्बनचे दोन छोटे ठोकळे असतात, स्प्रिंगने फिरत्या भागावर दाबलेले. वीज त्यांच्यातून जाते. झिजून आखूड झाले की कधी टेकतात, कधी टेकत नाहीत. टोला बसला की टेकतात. म्हणून घरी, निघताना, कधीतरी पंखा चालायचा आणि मला शंका यायची नाही.

मी काकांचा हात हातात घ्यायच्या बेतात होतो, पण ते अजून वाकलेलेच. "बाटली दाखय." मी अभिमानाने दाखवली. गेले चार महिने वरच्या रेघेवर आहे, दोन-अडीच लिटर पाणी रेडिएटरमधून गेलं तरी बाटली भरलेली. ते हसले. "पुता, बाटली तुका फटयता." म्हणजे फसवते.

गरम झालं की कूलंट फुगतो, झाकणातली स्प्रिंग उचलून जास्तीचा कूलंट बाटलीत जातो. गार झालं की रेडिएटरमध्ये पोकळी होते आणि बाटलीतला कूलंट परत ओढला जातो. म्हणजे चांगल्या गाडीत बाटलीची पातळी रोज वर-खाली व्हायला हवी. माझी चार महिने हलली नव्हती. त्यांनी झाकण उलटं करून माझ्या हातात दिलं. खालचं रबर बोट लावताच तुकड्यांनी सुटलं, वरचं रबर वाळलेल्या लिंबाच्या सालीसारखं कडक आणि चिरा पडलेलं. दाब धरायचा नाही, म्हणून पाणी लवकर उकळायचं. उलट ओढताना चिरांतून हवा आत यायची, बाटलीतलं पाणी जागच्या जागी. ज्यादा झालेलं बाटलीच्या नळीतून खाली रस्त्यावर.

मला घरच्या पार्किंगमधला डाग आठवला. पुढच्या चाकाजवळचा, हिरवट, चिकट. बायकोने दोनदा विचारलं होतं आणि मी दोनदा सांगितलं होतं, एसीचं पाणी आहे. एसीचं पाणी हिरवं नसतं आणि चिकटही नसतं. हे तिने मांडवात सगळ्यांसमोर सांगितलं.

दिवस चौथा : होंडा, मग फोंडा

सकाळी आठला होंड्याला. काकांची जागा म्हणजे पत्र्याची शेड, भिंतीवर देवाचं कॅलेंडर आणि मराठी वर्तमानपत्र पसरलेलं. त्या पानावरच मोटर उघडली. ती दाबून बंद केलेली असते, कंपनीला वाटतं कोणी उघडू नये. काकांनी पक्कडीने कडेची चार पाती उठवली. कार्बन एका बाजूचा जेमतेम डाळीच्या दाण्याएवढा उरलेला. नवे घासून मापाचे केले, तार झाळली, पाती परत ठोकली. बॅटरीला थेट जोडून फिरवली तेव्हा पान उडून शेडबाहेर गेलं.

मग पाणी काढलं. तांबूस, गंजाचं. गेल्या उन्हाळ्यात मीच नळाचं भरलं होतं, 'आता तेवढ्यापुरतं' म्हणून. कूलंट नुसता उकळबिंदू वाढवत नाही, त्यातली औषधं आतून गंज धरू देत नाहीत. नळाच्या पाण्यात क्षारही असतात, ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. दोनदा साफ पाणी फिरवून बाहेर काढलं, वॉल नव्या गॅस्केटसह परत बसवला. मी म्हटलं, राहू द्या की तसंच. काका म्हणाले, इंजिन गारच राहिलं तर कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत बसतो, ते तू भरणार का मी? निम्मा कूलंट, निम्मं बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, आणि नवं झाकण. जुन्यावर दाबाचा जो आकडा होता तोच, ०.९. जास्त आकड्याचं लावलं तर चांगलं, असं नसतं. जुन्या नळ्या मग तो दाब सोसत नाहीत.

भरताना गाडीचं नाक चढावर, हीटर पूर्ण गरम, झाकण उघडं, इंजिन चालू. अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येते. इथे माझ्या पोटात गोळा होता. बुडबुडे थांबलेच नाहीत तर हवा नव्हे, सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय, म्हणजे हेड गॅस्केट गेला. दोनदा तापली होती, शक्य होतं. काकांनी ऑइलचं झाकण उलटं करून बघितलं, आत दुधी साय नव्हती. काडीवरचं ऑइल साफ. धुराड्यामागे हात धरून वास घेतला. मग आम्ही दोघं रेडिएटरच्या तोंडाकडे बघत उभे. बुडबुडा. बुडबुडा. बराच वेळाने एक. मग पाणी स्थिर, आणि त्या पाण्यात शेडच्या पत्र्यातल्या भोकाचा उजेड. तेवढ्यात पंखा आपोआप सुरू झाला, मिनिटभर फिरला, थांबला. पुन्हा काही वेळाने सुरू. इतका मधुर आवाज मी मांडवातल्या सनईचाही ऐकला नव्हता.

सगळे मिळून अठराशे रुपये. वर अननस.

दुपारनंतर पिसुर्ले, उसगाव, खांडेपार करत फोंड्याकडे. मंगेशी, म्हार्दोळची म्हालसा, कवळ्याची शांतादुर्गा. देवळं तुम्ही बघितलेली असतील किंवा बघाल. मी दीपस्तंभ बघण्याऐवजी पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून पंखा ऐकत होतो, हे बायकोने नोंदवून ठेवलंय.

दिवस पाचवा : परत

परतीला चोर्ला घाट म्हणजे खरी परीक्षा, केरीपासून सलग चढ. दादाने त्याचं गाडीचे आकडे मोबाइलवर दाखवणारं ब्लूटूथचं यंत्र दिलं होतं. खाली इंजिनाचं तापमान ८८ अंश. दुसऱ्या गिअरवर, एसी लावून, मालट्रकच्या मागे रखडत ९४, ९६, ९७, मग पंखा, मग ९२. डॅशबोर्डचा काटा या सगळ्या वेळात मधल्या रेघेवर ढिम्म. ८८ ला तिथेच, ९७ लाही तिथेच. त्याच्यावर मी इतकी वर्षं विसंबून होतो.

वर चहाला थांबलो तेव्हा बॉनेट उघडून बाटलीवर कूलंटच्या पातळीशी बायकोच्या टिकलीच्या पाकिटातली एक टिकली चिकटवली.

रात्री कोल्हापूर. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर खाली गेलो. कूलंट टिकलीच्या बोटभर खाली उतरला होता. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आलो आणि सांगितलं, "बाटली उतरली!"

"झालं," ही कपाळावर हात मारून म्हणाली, "परत पाणी कमी?"